मुळे जिवंत होती

प्रास्ताविक

‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे वाक्य आपण शाळांच्या भिंतींवर आणि रस्त्यांच्या कडेला अनेकदा वाचले असेल. त्यातील पहिला भाग सोपा आहे. पावसाळ्यात खड्डा खणावा, रोप लावावे, पाणी घालावे. दुसरा भाग मात्र अवघड आहे. झाड जगण्यासाठी कोणीतरी काही वर्षे थांबावे लागते, आणि ज्याचे हातावर पोट आहे त्याला थांबणे परवडत नाही. वनांच्या प्रश्नातील खरी गाठ येथे आहे.

ही गाठ कशी पडते आणि कशी सुटू शकते, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत पाठात पश्चिम बंगालच्या नैर्ऋत्य भागातील सालवनांची हकिकत दिली आहे. ही वने दीडशेहून अधिक वर्षे उतरणीला लागली होती. १९७० च्या सुमारास त्यांच्या जागी पुष्कळ ठिकाणी केवळ खुरटी झुडपे आणि उघडी माती उरली होती. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत तीच वने पुन्हा उभी राहिली, आणि त्यांतील फार मोठ्या भागात कोणी नवे रोप लावलेले नव्हते.

१. प्रदेश आणि त्याचे वन

कोलकात्याहून पश्चिमेकडे निघाले की प्रथम गंगेच्या गाळाने घडलेली सपाट, सुपीक भूमी लागते. मेदिनीपूर शहर ओलांडल्यावर ही भूमी हळूहळू उंचावू लागते आणि मातीचा रंग बदलतो. छोटा नागपूरच्या पठाराचा हा पूर्वेकडील उतार होय. येथील माती तांबडी व खडेयुक्त आहे. कोकणातील जांभ्याशी तिचे जवळचे नाते आहे. ती पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. पाऊस पुरेसा पडला तरी तो कांसाई, शिलाई अशा नद्यांतून वाहून जातो. त्यामुळे पुष्कळशा गावांत पावसाळ्यातील भाताचे एकच पीक हाती लागते.

मेदिनीपूर, बांकुडा आणि पुरुलिया या जिल्ह्यांत हा प्रदेश पसरलेला आहे. जुन्या मेदिनीपूर जिल्ह्याचे २००२ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले आणि २०१७ मध्ये पश्चिम मेदिनीपुरातून झाडग्राम हा स्वतंत्र जिल्हा वेगळा करण्यात आला. तथापि लोकांच्या बोलण्यात या साऱ्या भागाचे एकच नाव रुळले आहे : ‘जंगलमहाल’. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत, १८०५ ते १८३३ या काळात, याच नावाचा एक जिल्हाही अस्तित्वात होता. संथाळ, मुंडा, भूमिज, लोधा, कुर्मी महातो असे अनेक समाज येथे पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत.

या भूमीचा मुख्य वृक्ष म्हणजे साल. महाराष्ट्रात सागाचे जे स्थान, तेच पूर्व भारतात सालाचे. सरळ उंच खोड, रुंद चिवट पाने आणि कठीण, टिकाऊ लाकूड ही त्याची लक्षणे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारी राळ ही या झाडाचाच डिंक. भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाण कुशीनगर येथे दोन सालवृक्षांच्या मध्ये झाले, असे बौद्ध परंपरा सांगते. संथाळांच्या गावात ‘जाहेरथान’ नावाचे देवस्थान असते. ते बहुधा सालवृक्षांच्या छायेत असते. वसंतात सालाला फुले आली की ‘बाहा’ हा सण साजरा होतो.

सालवनाने या लोकांना अनेक गोष्टी पुरविल्या. पानांच्या पत्रावळी व द्रोण होत. वासे आणि खांब घरासाठी मिळत. बियांपासून तेल निघे. सालाबरोबर वाढणारे मोह, तेंदू, आवळा, बेहडा यांची फळे-फुले मिळत. पावसाळ्यात वनात उगवणाऱ्या अळंब्या या तर जंगलमहालातील आवडीचे अन्न. एका भातपिकावर वर्ष निघत नसे, तेथे वन हे गरिबाचे दुसरे शेत होते.

२. वन ओसरत कसे गेले

एखादे वन नाहीसे झाले की आपण सहज म्हणतो, ‘लोकांनी ते तोडले.’ परंतु कोणत्या लोकांनी, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत तोडले, हे विचारल्याशिवाय कारण हाती लागत नाही. जंगलमहालात ही तोड तीन टप्प्यांत झाली.

पहिला टप्पा महसुलाचा. १७९३ मध्ये बंगालमध्ये ‘कायमधारा’ पद्धती लागू झाली. जमीनदाराने ठरलेला सारा ठरलेल्या दिवशी भरलाच पाहिजे, अन्यथा त्याची जमीनदारी लिलावात जाई. सारा शेतीतून येई, वनातून नव्हे. साहजिकच वन तोडून शेत काढणे जमीनदाराच्या हिताचे ठरले. या नव्या व्यवस्थेविरुद्ध १७९८-९९ मध्ये मेदिनीपूरच्या वनप्रदेशात मोठा उठाव झाला. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला तुच्छतेने ‘चुआड बंड’ असे नाव दिले. उठाव मोडला गेला आणि वनाची सीमा मागे हटत राहिली.

दुसरा टप्पा रेल्वेचा. लोहमार्गाच्या रुळांखाली घालायचे स्लीपर त्या काळी लाकडाचे असत. पावसात न कुजणारे आणि वाळवीला दाद न देणारे लाकूड त्यासाठी लागे. साल, साग आणि देवदार हे तीन वृक्ष या कसोटीला उतरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग खरगपूरपर्यंत आला आणि सालवनाच्या दारातच बाजार उभा राहिला. जमीनदारांनी वने ठेकेदारांना तोडीसाठी दिली. जुने, घेरदार वृक्ष आधी गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धातील मागणीने उरल्यासुरल्या वनावर आणखी भार टाकला.

तिसरा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा आहे. १९५३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये जमीनदारी नष्ट करणारा कायदा झाला आणि १९५५ पासून खाजगी वने शासनाच्या ताब्यात येऊ लागली. हेतू चांगला होता. परंतु वन आता हातचे जाणार, हे दिसताच अनेक जमीनदारांनी ते जाण्याआधीच तोडून विकले. त्यामुळे शासनाच्या हाती जे आले, ते पुष्कळ ठिकाणी नावापुरतेच वन होते.

याच वेळी आणखी एक बदल घडला. तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. जमीनदाराच्या काळात जुलूम होता, पण सरपण, पाने, चराई यांविषयीच्या काही सवलती रूढीने चालत आल्या होत्या. वन शासनाचे झाल्यावर या रूढींना आधार उरला नाही. काल ज्या वाटेने मनुष्य उजळ माथ्याने मोळी घेऊन येत असे, त्याच वाटेने आज तो लपतछपत येऊ लागला. वन आपले नाही, ही भावना दृढ झाली. आणि जे आपले नाही, त्याची काळजी कोण वाहणार?

३. मोळी आणि पहारा

१९६० नंतरच्या दशकात जंगलमहालातील गरीब कुटुंबाचे वर्ष कसे जात होते, हे पाहिले म्हणजे पुढील गोष्ट समजते. भाताची लावणी आणि कापणी या दिवसांत शेतावर मजुरी मिळे. उरलेले महिने रिकामे. काही कुटुंबे कामासाठी पूर्वेकडील सुपीक भागात जात. जी मागे राहत, त्यांच्यापाशी रोख पैशाचा एकच मार्ग होता : डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन बाजार गाठणे. मोळी विकली गेली तर संध्याकाळी चूल पेटे.

मोठी झाडे संपल्यावर लोक खुंटांना फुटलेले कोवळे धुमारे तोडू लागले. धुमारा मनगटाएवढा होण्याआधीच कुऱ्हाड पडे. काही ठिकाणी तर खुंटच खणून काढले जात. उघड्या पडलेल्या तांबड्या मातीचा वरचा थर पावसाबरोबर वाहून जाई. वन दरवर्षी थोडे खाली बसत होते.

वनरक्षक होते, परंतु एका रक्षकाकडे कित्येक गावांचे वन असे. तो एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला कुऱ्हाड चाले. पकडलेल्यांवर खटले होत, भांडणे होत, मारामाऱ्या होत. या साऱ्यात वन वाढत नव्हते; वाढत होते ते केवळ वैर.

येथे क्षणभर थांबून विचार करू. मोळी तोडणाऱ्या स्त्रीला धुमारा वाढू दिला तर त्याचे मोल वाढेल, हे कळत नव्हते काय? निश्चित कळत होते. परंतु तिच्यापुढे दोन अडचणी होत्या. पहिली अशी की, आज तिने सोडलेला धुमारा उद्या दुसरे कोणी तोडून नेणार. दुसरी अशी की, तो खरोखर वाढून मोठा झालाच, तर त्याची किंमत शासनाच्या तिजोरीत किंवा ठेकेदाराच्या खिशात जाणार. अशा स्थितीत आज तोडणे हेच तिच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. प्रत्येक घराने असा शहाणपणा केला आणि सर्वांचे मिळून नुकसान झाले. उपदेशाने किंवा दंडाने हा पेच सुटणारा नव्हता. थांबणाऱ्याला त्याचा वाटा मिळेल, आणि शेजारीही थांबेल, या दोन गोष्टींची हमी हवी होती.

४. आराबारीचा प्रयोग

मेदिनीपूर शहराच्या उत्तरेस आराबारी नावाचे वनपरिक्षेत्र आहे. १९७१-७२ च्या सुमारास वनाधिकारी डॉ. अजितकुमार बॅनर्जी यांचे तेथे संशोधनाचे काम चालू होते. वनवाढीच्या प्रयोगांसाठी राखलेल्या जागेतही तोड होत असे. अधिक पहारेकरी मागण्याऐवजी त्यांनी आसपासच्या गावकऱ्यांशी बोलणे सुरू केले. वन राखायचे, तर त्यावर ज्यांचे पोट चालते त्यांचे काय, हा प्रश्न त्यांनी आरंभीच मांडला.

या बोलण्यांतून एक करार आकाराला आला. ११ गावांतील ६१८ कुटुंबे आणि सुमारे १,२७० हेक्टर वन एवढी त्याची व्याप्ती होती. कराराची कलमे साधी होती. गावकऱ्यांनी वनाचे तोडीपासून, आगीपासून आणि मोकाट चराईपासून रक्षण करावे. त्याच्या बदल्यात वनविभागाने त्यांना वनातील कामांवर मजुरी द्यावी. पाने, फळे, बिया, अळंब्या असे गौण वनउत्पादन त्यांना मोकळेपणाने घेता यावे. आणि साल वाढून त्याची रीतसर तोड व विक्री होईल, तेव्हा उत्पन्नाचा २५ टक्के वाटा या कुटुंबांना मिळावा.

या कलमांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. वाटा मिळणार होता तो पुष्कळ वर्षांनंतर. तोवर घर कसे चालणार? त्यासाठी मजुरी होती आणि वनउत्पादन होते. वनातील रिकाम्या जागी लागवडीची कामे काढली गेली. कामे शक्यतो शेतीचा हंगाम नसताना दिली गेली. थोडक्यात, गावकऱ्यांना ‘थांबा’ असे सांगताना थांबण्याच्या काळातील भाकरीचीही सोय पाहिली गेली.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. पहारा आता गावाचा झाला. कोण केव्हा वनात जातो, हे शेजाऱ्याला ठाऊक असते; वनरक्षकाला नसते. गावाने बैठकीत ठरविलेला नियम मोडणे म्हणजे शेजाऱ्याचा वाटा तोडणे, असा त्याचा अर्थ झाला. सरकारी कायद्याचे भय वाटत नव्हते, तेथे चारचौघांतील शब्दाची लाज उपयोगी पडली.

५. सालाचे सामर्थ्य

माणसे थांबली, परंतु वन इतक्या लवकर परतले कसे? याचे उत्तर सालवृक्षाच्या स्वभावात आहे.

सालाचे बी पंख असलेले असते. पावसाळ्याच्या तोंडावर ते पिकते, वाऱ्याबरोबर गिरक्या घेत खाली येते आणि थोड्याच दिवसांत आपली रुजण्याची शक्ती गमावते. त्याच वेळी पाऊस आला तर ते रुजते. रुजलेल्या रोपाचे पुढचे जीवनही कठीण असते. उन्हाळा, वणवा किंवा चराई यांमुळे त्याचा वरचा भाग अनेकदा वाळून जातो. पण खालचे मूळ मरत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते नवा कोंब वर पाठविते. असे वर्षानुवर्षे चालते आणि दर वर्षी मूळ अधिक जाड, अधिक खोल होत जाते. पुरेसे बळ साठले की मग रोप झपाट्याने वर चढते.

तोडलेल्या सालाचे वर्तनही असेच असते. खोड गेले तरी खुंटाच्या कडेने अनेक धुमारे फुटतात. बीपासून आलेल्या रोपाला सारे काही नव्याने उभारावे लागते. खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यामागे मात्र मोठ्या झाडाची तयार मुळे असतात. म्हणूनच तो वेगाने वाढतो. अशा धुमाऱ्यांतून दोन-तीन सशक्त राखून बाकीचे विरळ केले, आणि कुऱ्हाड व गुरे दूर ठेवली, की सुमारे दहा वर्षांत विकण्याजोगे वासे तयार होतात.

जमिनीखाली आणखी एक व्यवस्था काम करीत असते. सालाच्या बारीक मुळांभोवती काही जातींच्या बुरशींचे वेष्टण असते. ही बुरशी मातीतील पाणी व क्षार शोषून झाडाला पुरविते. झाड तिला आपल्या पानांत तयार झालेली शर्करा देते. पावसाळ्यात सालवनात गोळा केल्या जाणाऱ्या कित्येक अळंब्या म्हणजे या बुरशीचीच फळे होत. अळंबी उगवली म्हणजे खाली झाड आणि बुरशी यांचा संसार नीट चालला आहे, असे समजावे.

म्हणजे १९७२ मध्ये वरून पाहणाऱ्याला जी पडीक जमीन दिसत होती, तिच्या पोटात मुळे जिवंत होती. ती दरवर्षी प्रयत्न करीत होती आणि दरवर्षी तो प्रयत्न खुडला जात होता. खुडणे थांबताच वन उठले.

या गोष्टीला एक मर्यादाही आहे. जेथे खुंट खणून काढले गेले होते किंवा मातीच वाहून गेली होती, तेथे हा चमत्कार घडला नाही. तेथे लागवडच करावी लागली. मूळ शिल्लक असेपर्यंतच वन परत येऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

६. एका परिक्षेत्रातून देशभर

‘पी हळद अन् हो गोरी’ असा हा प्रकार नव्हता. आराबारीच्या कुटुंबांनी जवळजवळ पंधरा वर्षे वाट पाहिली. १९८७ मध्ये शासनाने या वाट्याला रीतसर मान्यता दिली आणि प्रयोगाच्या आरंभी दिलेला शब्द कागदावर उतरला.

मधल्या काळात आराबारीची वार्ता आसपासच्या गावांत पोहोचली होती. एका बाजूला उघडे माळरान आणि शेजारी सालाची हिरवी रांग, हे दृश्य कोणत्याही भाषणापेक्षा परिणामकारक होते. अनेक गावांनी आपापल्या वनाचे रक्षण सुरू केले. काही गावांनी तर वनविभागाची वाट न पाहता आपणहून सुरू केले. १९७८ पासून राज्यात पंचायतीच्या निवडणुका नियमित होऊ लागल्या होत्या आणि भूमिसुधारणेची चळवळ चालू होती. एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय गावांना लागत होती. तिचाही या कामी उपयोग झाला.

१९८९ मध्ये पश्चिम बंगाल शासनाने नैर्ऋत्य भागातील गावांच्या वनसंरक्षण समित्यांना मान्यता देणारा आदेश काढला. अल्पावधीत समित्यांची संख्या हजारावर गेली. ज्या प्रदेशातून वन हद्दपार झाले असे मानले जात होते, तेथे उपग्रहाच्या चित्रांतही हिरवा रंग वाढताना दिसू लागला.

राष्ट्रीय पातळीवरही विचार बदलत होता. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वनांजवळ राहणाऱ्या लोकांच्या गरजांना अग्रक्रम दिला आणि त्यांना वनरक्षणात सहभागी करून घेण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यानंतर १ जून १९९० रोजी केंद्र शासनाने सर्व राज्यांना परिपत्रक पाठवून गावकरी आणि वनविभाग यांच्या भागीदारीची शिफारस केली. हीच पद्धती पुढे ‘संयुक्त वनव्यवस्थापन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रासह देशातील बहुतेक राज्यांनी तिचा स्वीकार केला.

७. दुसरी बाजू

कोणतीही यशोगाथा अर्धवट सांगितली तर ती दिशाभूल करते. म्हणून या हकिकतीतील उणिवाही पाहिल्या पाहिजेत.

पहिली उणीव वनाच्या स्वरूपातील. दर दहा वर्षांनी तोडले जाणारे, एकाच वयाच्या सालांचे हे वन जुन्या घनदाट वनासारखे नाही. ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्याला पोकळ, वृद्ध वृक्ष लागतो. वाशांच्या वनात तो मिळत नाही. काही ठिकाणी रिकाम्या जागी निलगिरी लावली गेली. ती लवकर वाढली. पण तिच्या पानांची पत्रावळ होत नाही आणि तिच्या फुलांची भाजीही होत नाही.

दुसरी उणीव वाट्यातील. २५ टक्के हा आकडा ऐकायला मोठा. परंतु तोडीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम अनेक कुटुंबांत विभागली की प्रत्येकाच्या हाती फारसे पडत नसे. शिवाय वाटा मिळाला तो बहुधा घरातील पुरुषाला. मोळी विकून घर चालविणाऱ्या स्त्रीची मोळी बंद झाली, पण समितीच्या बैठकीत तिचा आवाज नव्हता. पुढे नियम बदलून पती-पत्नी दोघांनाही सभासद मानण्यात आले. तरीही नियमात नाव असणे आणि बैठकीत बोलता येणे यांत अंतर असते. अनेक घरांत प्रत्यक्ष आधार झाला तो वाट्यापेक्षा वनउत्पादनाचा. सालाची पाने गोळा करून, काड्यांनी टाचून पत्रावळी करण्याचे काम हजारो स्त्रियांच्या हाती आले.

तिसरा प्रश्न अनपेक्षित होता. वन वाढले आणि हत्ती आले. शेजारच्या दलमा डोंगरातून, म्हणजे आजच्या झारखंडातून, हत्तींचे कळप १९८० नंतरच्या दशकात पूर्वेकडे अधिकाधिक दूर येऊ लागले. सालवनाने त्यांना दिवसा आसरा दिला आणि रात्री भातशेतांनी अन्न. पिकांची आणि घरांची हानी झाली, माणसे मृत्युमुखी पडली. विजेच्या तारांनी व अपघातांनी हत्तीही मेले. वनाचा लाभ सर्वांना मिळतो, पण हत्तीचा मार वनाकाठच्या शेतकऱ्याला सोसावा लागतो. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

चौथा आणि सर्वांत मूलभूत प्रश्न हक्काचा. आराबारीच्या करारात वन शासनाचेच राहिले. गावाला मिळाली ती भागीदारी. तिच्या अटी अखेर वनविभागच ठरवीत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने यापुढचे पाऊल टाकले. पिढ्यान् पिढ्या वापरात असलेल्या वनावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क या कायद्याने मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. २०११ मध्ये त्या गावाने आपल्या वनातील बांबू स्वतः विकण्यास प्रारंभ केला. आराबारीत गावाला वनाच्या उत्पन्नात वाटा मिळाला होता. मेंढ्यात वनाविषयीचा निर्णयच गावाच्या हाती आला.

समारोप

जंगलमहालाच्या या हकिकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. वनाचा ऱ्हास केवळ कुऱ्हाडीने होत नाही. वन आणि वनाकाठचा मनुष्य यांच्यातील विश्वासाचे नाते तुटले, की कुऱ्हाडीला मोकळे रान मिळते. महसुलासाठी, रेल्वेसाठी आणि बाजारासाठी झालेल्या तोडीने झाडे नेली. परंतु वन परके झाल्याच्या भावनेने त्यांचे परत येणेही रोखून धरले. पुढे करार झाला, वाटा ठरला, थांबण्याच्या काळातील पोटाची काही सोय झाली, तेव्हा त्याच माणसांनी तेच वन राखले. माणसे बदलली नव्हती. त्यांची परिस्थिती बदलली होती.

गरीब मनुष्याला वनाचे शत्रू ठरविणे फार सोपे असते. त्याला त्याच्या वाट्याची हमी देणे, दिलेला शब्द पंधरा वर्षे पाळणे आणि त्याच्या स्त्रीलाही बैठकीत बसविणे हे कठीण असते. जेथे हे कठीण काम काही अंशी झाले, तेथे वन परतले. जेथे ते अपुरे राहिले, तेथे आजही तक्रारी आहेत.

आपल्या गावाजवळच्या उजाड माळाकडे पाहताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत. या मातीत अजून कोणती मुळे जिवंत आहेत? आणि त्यांना वाढू द्यावे, असे येथील माणसाला वाटण्यासाठी त्याच्या हाती आपण काय देणार आहोत?

स्वाध्याय

१. जंगलमहालातील वनांची तोड कोणत्या तीन टप्प्यांत झाली? प्रत्येक टप्प्याचे कारण थोडक्यात लिहा.
२. ‘आज तोडणे हेच तिच्या दृष्टीने शहाणपणाचे होते.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. बीपासून आलेले सालाचे रोप आणि खुंटाला फुटलेला धुमारा यांच्या वाढीत कोणता फरक आहे?
४. आराबारीतील भागीदारी आणि मेंढा (लेखा) येथील सामूहिक हक्क यांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या परिसरातील वन, गायरान किंवा तलाव यांपैकी एकाची माहिती घरातील व गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्याचा वापर पूर्वी कोण करीत असे, आज कोण करतो आणि त्याची काळजी कोण घेतो, यांवर दहा ते बारा ओळी लिहा.